काताकोलोहून ऑलिंपिया : जहाजाची सहल घ्यावी, की आपलं आपण जावं?

काताकोलो हे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं चिमुकलं गाव. धक्क्यालगत दुकानांची आणि खानावळींची एक रांग, मागे थोडी घरं, की संपलं गाव. तरी भूमध्य समुद्रातली अवाढव्य जहाजं इथे नांगर टाकतात, कारण पस्तीसेक किलोमीटरवर ऑलिंपिया आहे, जिथे प्राचीन ऑलिंपिक स्पर्धा भरत. तुमच्या क्रूझच्या कार्यक्रमात काताकोलो असेल तर ऑलिंपियाला जावंच. प्रश्न उरतो तो कसं जायचं एवढाच.

पर्याय निवडताना पैशांआधी वेळ मोजा, असं मी सगळ्यांना सांगते. समजा, जहाज सकाळी आठला लागलं आणि दुपारी साडेचारपर्यंत परत चढायचं आहे. कागदावर साडेआठ तास झाले. त्यातून उतरण्याच्या रांगेत पाऊण तास जातो, जाण्यायेण्यात दीड तास, आणि परतताना तासभर हाताशी राखून ठेवायलाच हवा. उरले पाचेक तास. त्यात अवशेषांना दोन, संग्रहालयाला दीड आणि पोटासाठी एक तास असा हिशेब मांडला, तर दिवस छान बसतो. आता कुठला पर्याय हे पाच तास तुमच्या हातात ठेवतो, ते बघायचं.

जहाजाची सहल सगळ्यात निर्धास्त. बस धक्क्यावर उभी असते, मार्गदर्शक सोबत असतो आणि वाटेत खोळंबा झालाच तर जहाज आपल्या सहलीच्या बसची वाट बघतं. स्वतःहून गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही, हा फरक नीट लक्षात घ्या. पण अर्ध्या दिवसाच्या सहलीत बराच वेळ गटाला गोळा करण्यात जातो आणि कात्री लागते ती संग्रहालयाला. म्हणून नोंदणी करण्याआधी सहलीचा तपशील वाचा. ‘पुरातत्त्व संग्रहालय’ हे शब्द आणि तिथे दिलेला वेळ स्पष्ट लिहिलेला नसेल, तर ती सहल घेऊ नका. नुसतं ‘ऑलिंपिया दर्शन’ पुरेसं नाही. गावातल्या दुकानात खरेदीसाठी थांबा असेल, तर तोही वेळ तुमच्या पाच तासांतूनच जातो.

रेल्वे मला मनापासून आवडते. जवळचं शहर पिर्गोस ते काताकोलो हा मीटरगेज मार्ग १८८३चा, ग्रीसमधल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेमार्गांपैकी एक. या भागातल्या काळ्या मनुका बंदरापर्यंत आणून जहाजात चढवायच्या, यासाठी तो घातला गेला. आज त्यावरून छोटी गाडी पाऊणएक तासात ऑलिंपिया गावात नेऊन सोडते. स्थानकापासून अवशेषांपर्यंत रमतगमत चालत जाता येतं, आणि टॅक्सीच्या मानाने तिकीट किरकोळ. अडचण फेऱ्यांची आहे. त्या मोजक्या असतात आणि ही सेवा अधूनमधून बंदही राहिली आहे. त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात वेळापत्रक तपासा आणि परतीची गाडी आधी ठरवा. जी गाडी चुकली तर पुढची जहाज सुटल्यावर येते, ती आपली नव्हेच.

धक्क्याबाहेर स्थानिक प्रवासी कंपन्यांच्या जाऊन-येऊन बस मिळतात. या फक्त नेतात आणि आणतात, आत तुम्ही मोकळे. दोघंच असाल आणि रेल्वे जुळत नसेल, तर हाच पर्याय घ्या. चौघं असाल, सोबत आईवडील किंवा सासूसासरे असतील, तर टॅक्सीसारखं सुख नाही. भाडं, थांबण्याचे तास आणि परतीची वेळ बसण्याआधीच ठरवून घ्या, शक्य तर कागदावर लिहून. टॅक्सी प्रवेशद्वाराजवळ सोडते आणि थकलेल्या माणसाला उगाच गावभर चालावं लागत नाही. ज्येष्ठांच्या दृष्टीने आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे ऑलिंपिया बरंचसं सपाट आहे, अथेन्सच्या अक्रोपोलिससारखी चढण इथे नाही. पायाखाली खडी आणि माती असते, तेव्हा चपला नकोत, बूट हवेत. भाड्याची गाडी मात्र मी या एका दिवसासाठी सुचवणार नाही. आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं आणि कागदपत्रांत सकाळचे सोन्यासारखे क्षण जातात. साध्या एसटीसारख्या बस पिर्गोसला बदलाव्या लागतात. क्रूझच्या दिवशी तो खटाटोप नको.

मार्गदर्शकाशिवाय गेलात तर काय बघायचं, ही रास्त धास्ती आहे, कारण ऑलिंपियात उभं असं फार थोडं उरलंय. सहाव्या शतकातल्या भूकंपांनी झ्यूसचं, म्हणजे ग्रीकांच्या मुख्य देवाचं, मंदिर कोसळलं. त्याचे खांब आजही पडल्या जागी, गोल चकत्यांच्या ओळी होऊन पसरलेले दिसतात. एकच खांब २००४ मध्ये पुन्हा रचून उभा केलाय, त्यावरून बाकीच्यांची उंची मनात चढवायची. या मंदिरात फिडियस या शिल्पकाराने घडवलेली झ्यूसची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती होती, बारा मीटरच्या आसपास उंच, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. मूर्ती गेली, पण ती जिथे घडली ती कार्यशाळा मंदिराच्या पश्चिमेला आहे. तिच्यावर पुढे चर्च बांधलं गेलं, म्हणून भिंती टिकल्या. उत्खननात तिथे मातीचे साचे सापडले आणि एक लहानसं काळं भांडंही, ज्याच्या तळावर ‘मी फिडियसचं’ असं कोरलंय. ते संग्रहालयात आहे, आवर्जून शोधा.

धावपट्टीकडे जाणाऱ्या कमानीआधी डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची रांग लागते. गट इथून भराभर पुढे निघून जातात, तुम्ही थांबा. स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांकडून दंड घेऊन त्या पैशातून झ्यूसचे कांस्यपुतळे घडवायचे आणि ते मैदानाच्या वाटेवर उभे करायचे, अशी इथली रीत होती. पहिले सहा पुतळे इसवी सनपूर्व ३८८च्या स्पर्धांतले, युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले त्याबद्दलचे. मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला या पुतळ्यांसमोरूनच जावं लागे. आत धावपट्टी १९२ मीटरची, सुरुवातीच्या दगडी पट्ट्यावर पायाची बोटं रोवायच्या खाचा अजून आहेत. मुलं सोबत असतील तर त्यांना इथे पळू द्या.

आता संग्रहालय. ते अवशेषांपासून जवळच आहे आणि तिकीट एकत्रच असतं. तिथलं प्रसिद्ध शिल्प म्हणजे १८७७ मध्ये हेरा देवीच्या मंदिरात सापडलेला हर्मीस देवाचा पुतळा, पण मला विचाराल तर वेळ द्यावा झ्यूसच्या मंदिरावरच्या, पुराणातला बलाढ्य वीर हेराक्लीस याच्या शिल्पपट्टांना. एकात त्याने आकाश खांद्यावर पेललंय, भार सोसावा म्हणून मानेवर दुमडलेली उशी ठेवलीय, समोर एरवी हे आकाश पेलणारा अ‍ॅटलस सफरचंदं घेऊन उभा आहे. मागे अथीना देवी एकच हात वर करून तोच भार सहज उचलते आहे. बाहेरचे पडलेले खांब बघून आलेल्या माणसाला ते मंदिर कसं होतं, ते इथे उमगतं. म्हणूनच संग्रहालय वगळणारी सहल स्वस्त असली तरी नको.

क्रमही महत्त्वाचा. उन्हाळ्यात सकाळी आधी अवशेष आणि ऊन चढल्यावर संग्रहालय. वसंत किंवा शरद ऋतूत उलट केलं तरी चालतं, शिवाय जहाजाच्या बसची गर्दी तेवढ्यात ओसरते. जेवणाचं म्हणाल तर शाकाहारींनी गावात गेमिस्ता मागवावं, म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची. कधी आत खिमा असतो, तेव्हा विचारून घ्या.

इटलीहून येत असाल तर ग्रीसचं घड्याळ तासभर पुढे असतं. जहाजावरची वेळ बदलली की नाही ते उतरण्याआधी विचारा, मोबाइल आपोआप बदलतो आणि घोटाळा होतो. आणि भारतीय पासपोर्टवर निघालेल्यांसाठी : क्रूझ मध्येच तुर्कस्तानातल्या बंदराला लागून पुन्हा ग्रीसमध्ये येणार असेल, तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह बहुतेक युरोपीय देशांचा मिळून एकच व्हिसा) एकापेक्षा जास्त प्रवेशांचाच हवा. जहाजाचं तिकीट काढण्याआधी मार्गाचा नकाशा समोर ठेवून हे तपासा, कारण एकदाच्या प्रवेशावर दुसऱ्यांदा युरोपात शिरता येत नाही, मग काताकोलो कार्यक्रमात असलं तरी काय उपयोग?