सेटिरिझिन १० मिलीग्रॅम: शिंकांवर चोख, चोंदलेल्या नाकापुढे हतबल

ग्रंथालयातली नोकरी आणि धुळीची ॲलर्जी एकाच जन्मात निभवायची, तर हाताशी भरवशाची गोळी लागतेच. माझी सेटिरिझिन. कंपनी कुठलीही असो, पाकिटावर मी औषधाचं नाव आणि मात्रा तेवढी बघते.

तासाभरात शिंकांची रांग थांबते, नाकाचा नळ बंद होतो, डोळ्यांची चुरचुर जाते. टाळूला सुटणारी ती छळवादी खाजही जाते, आणि माझ्या लेखी निम्मे गुण तिथेच. परिणाम दिवसभर टिकतो, म्हणून मोठ्यांना २४ तासांत एकच गोळी.

ॲलर्जीचा हा सगळा त्रास देणारं अंगातलं रसायन म्हणजे हिस्टामिन; ही गोळी ते नाहीसं करत नाही. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे कण नाकात गेले की अस्तरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. ते एच-१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसलं की शिंका, खाज, पाणी सुरू. गोळी ती जागा आधीच अडवते. त्यामुळे शिंकून बेजार झाल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतलेली बरी. जुनी कपाटं उपसायची असली की मी आदल्या रात्रीच घेऊन झोपते.

रात्री घेण्याचं दुसरं कारण म्हणजे पेंग. 'झोप न आणणारी' ही तिची ख्याती मला अर्धीच पटते. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात, गुंगी आणतात, तोंड कोरडं पाडतात; त्या मानाने ही सौम्य. पण काहींना हिनेही जांभया येतात, मलाही. तेव्हा पहिल्यांदा घेणाऱ्याने लगेच गाडी चालवू नये, आणि सोबत दारू तर नकोच. दिवसा डोकं लख्ख हवं असेल तर फेक्सोफेनाडिन हे ॲलर्जीचं दुसरं औषध सरस, फक्त ते पाण्यासोबत घ्यावं. सफरचंद, संत्रं यांच्या रसाबरोबर ते शरीरात कमी शोषलं जातं.

गुण कापले ते चोंदलेल्या नाकासाठी. तिथे ही गोळी फारसं काही करत नाही. नाक सतत बंद राहत असेल तर डॉक्टरांना विचारून स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे घ्यावा. त्याचा पूर्ण गुण यायला मात्र दिवस जातात.

सर्दीच्या मिश्र गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामिन असतंच. पाकिटामागचं बारीक अक्षर न वाचता दोन्ही घेतल्या की गुंगी दुप्पट. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेटिरिझिनची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, कारण ती मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मे २०२५ मध्ये आणखी एक इशारा दिला: महिनोन्महिने रोज घेऊन ती एकदम सोडली तर क्वचित काहींना अंगभर तीव्र खाज सुटते. रोजच घेणाऱ्यांनी ती मनाने बंद करण्याआधी विचारलेलं बरं.

आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर या गोळीच्या भरवशावर थांबू नये. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आणि तातडीने दवाखाना.

ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी ठरली असेल तर किती दिवस आधी गोळी थांबवायची तेही विचारून घ्या. ती अंगात असली की गांध उठतच नाही आणि चाचणी फुकट जाते.

पाचपैकी चार.