कॉम्पॅक्ट .३२ पिस्तुलावर रेड डॉट: ठाण्याच्या हवेत परवडतो का?

परदेशी व्हिडिओंतली ९ मिमी पिस्तुलं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. त्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबईतल्या सामान्य परवानाधारकाच्या कमरेला बहुधा .३२ बोअरचं (नळीच्या मापाचं) पिस्तूल असतं, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. रेड डॉट (काचेवर लाल ठिपका दाखवणारी, बॅटरीवर चालणारी नेम धरायची साइट) उत्तम असतो, पण तो बसवायची जागा नसते.

आपल्या बऱ्याच .३२ पिस्तुलांच्या स्लाइडवर (गोळीगणिक मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर) असा डॉट बसवायला खाच नसते. वागळे इस्टेट किंवा रबाळेत असली खाच अर्ध्या तासात पाडून देणारी सीएनसी मशीन हवी तेवढी आहेत. त्या वाटेला अजिबात जाऊ नका. शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार करायला शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. शिवाय .३२ पिस्तुलं बहुतेक ब्लोबॅक असतात. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग, एवढ्यावरच ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद राहते. धातू खरवडला की स्लाइड लवकर उघडते आणि फ्रेमवर आदळते.

उरतो मार्ग मागच्या साइटच्या डव्हटेलमध्ये (साइट जिच्यात सरकवून बसवतात त्या तिरप्या खाचेत) प्लेट बसवण्याचा, तोही परवानाधारक गनस्मिथकडूनच. इथे उलटा त्रास होतो. प्लेट आणि डॉटचं वजन स्लाइडवर वाढतं, मग कमजोर काडतुसावर ती पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. मागची साइट गेलेली असते, म्हणजे बॅटरी संपली की पुढच्या साइटवर अंदाजाने भागवायचं. जुनं होल्स्टरही बाद.

स्क्रू हा सगळ्यात नाजूक भाग. स्क्रूचे आणि भोकाचे दोन्ही आटे अॅसिटोनने पुसून कोरडे करा, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब लावा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच (पिळण्याच्या जोरावर) थांबा. छोट्या साइट्सना तो साधारण १२ ते १५ इंच-पाउंड असतो, म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या आसपास. मनगटाच्या अंदाजाने पिळलात तर स्क्रूचं डोकं तुटतं. नंतर स्क्रूपासून बॉडीपर्यंत नेलपेंटची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

झीरो, म्हणजे डॉट आणि गोळी एकाच जागी जुळवणं, १० मीटरवर करा. तिथे १ एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणजे जेमतेम ३ मिमी, म्हणजे डॉट सरकवायच्या स्क्रूची क्लिक १ एमओएची असेल तर ४ सेंमी चूक सुधारायला १३-१४ क्लिक लागतात. काडतुसांचा कोटा मर्यादित, म्हणून एकेका गोळीमागे हा स्क्रू फिरवू नका. हात टेकवून तीन गोळ्या, त्यांचा मध्य काढा, मगच क्लिक. नऊ ते बारा काडतुसांत काम होतं. प्लेटवरचा डॉट नळीच्या मध्यापासून साडेतीन सेंमी वर असेल, तर ३ मीटरवर गोळी अडीच सेंमी खाली लागेल. तो दोष नाही, भूमिती आहे.

आता हवा. उघड्या एमिटरच्या (ठिपका पाडणारा एलईडी उघडा असलेल्या) साइटमध्ये, उदाहरणार्थ होलोसन ५०७के, एलईडी आणि काच यांच्यामधली जागा मोकळी असते. जुलैत पावसाचा एक थेंब एलईडीवर बसला की ठिपक्याची चांदणी होते, नाहीतर तो गायबच होतो. शर्टाचे धागे आणि घाम तर बारा महिने. बंद एमिटरमध्ये, जसं होलोसनचीच ईपीएस कॅरी, काच बाहेरून पुसली की काम झालं. एसी गाडीतून घोडबंदर रोडवर उतरलात की वाफ दोन्हींवर धरते, पण बंद साइटमध्ये ती फक्त बाहेरच्या काचांवर. पैसे थोडे जास्त गेले तरी इथे बंदच घ्या.

बॅटरी बाजूच्या ट्रेमध्ये असलेली बघा. ५०७केला सीआर१६३२ लागते, ईपीएस कॅरीला सीआर१६२०. ट्रिजिकॉन आरएमआरसारखी खालून बॅटरी असली की दर वेळी साइट उतरवा, पुन्हा झीरो करा आणि कोट्यातली काडतुसं घालवा. निवडणुकीत शस्त्र जमा करायची वेळ आली तर बॅटरी काढून ठेवा आणि पावतीवर साइटची नोंद करून घ्या.

पिस्तुलाला कारखान्यातूनच खाच असेल तर बंद एमिटरचा डॉट डोळे झाकून घ्या. डव्हटेल प्लेटवर लावायचा असेल तर रेंजपुरता ठीक. कमरेला बाळगायच्या .३२ वर मूळ साइटच राहू द्या, पुढच्या साइटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला तरी पुष्कळ.