क्युप्रिक क्लोराइडचे घरगुती एचिंग द्रावण: काही महिन्यांच्या वापरानंतर

पीसीबी एचिंगसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरचे नको असलेले तांबे विरघळवून काढण्यासाठी, नेहमीचे फेरिक क्लोराइड बाजूला ठेवून घरी तयार केलेले क्युप्रिक क्लोराइडचे द्रावण मी गेले काही महिने वापरत आहे. ते बनवायचे कसे याची माहिती सहज मिळते. महिनोन्महिने ते कामाच्या स्थितीत ठेवायचे कसे, याविषयी मात्र त्या मानाने फार कमी लिहिले जाते, त्यामुळे येथे भर त्यावरच आहे.

सुरुवात सोपी आहे. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन भाग घेऊन त्यात साधारण 30 टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक भाग हळूहळू ओतायचा. तीव्र पेरॉक्साइड वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्याची आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या एक-दोन बोर्डांवरचे तांबे पेरॉक्साइडच्या जोरावर निघते. पुढे विरघळलेल्या तांब्यापासून तयार झालेले हिरवे क्युप्रिक क्लोराइडच एचिंगचे काम करू लागते आणि पेरॉक्साइडची खरी गरज तेथेच संपते.

एचिंग होताना क्युप्रिक क्लोराइड धातुरूप तांब्याला विरघळवते आणि दोघांचेही क्युप्रस क्लोराइड होते. हे क्युप्रस पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पुरेसे आम्ल असेल तरच ते द्रावणात टिकते, आणि ऑक्सिजन मिळाला की त्याच आम्लाच्या साहाय्याने पुन्हा क्युप्रिक होते. म्हणजे सरतेशेवटी खर्च होतात ते आम्ल आणि ऑक्सिजन, तर तांबे द्रावणात साठत जाते. 35 मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या 100 चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर साधारण 3 ग्रॅम तांबे असते आणि ते सगळे काढले, तर तीव्र आम्ल सुमारे 10 मिलिलिटर खर्ची पडते. तेवढ्याच कामाचा ऑक्सिजन 3 टक्के पेरॉक्साइडमधून द्यायचा म्हटले, तर ते 50 मिलिलिटरहून अधिक लागते, आणि त्यातले जवळपास सगळे पाणीच असते. द्रावण मंदावले की पेरॉक्साइडची बाटली उचलणारे लोक ते ताजे करतात खरे, पण त्याबरोबर पातळही करतात. काही दिवसांनी बरणी भरून वाहू लागते आणि आम्ल मात्र कमीच पडते.

म्हणून मी मत्स्यालयाचा छोटा हवापंप वापरतो. हवेला वेळ लागतो, रात्रभर बुडबुडे सोडावे लागतात, परंतु द्रावणात पाण्याची भर पडत नाही. पंप द्रावणाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर द्रावण नळीतून उलटे पंपात शिरू शकते. बुडबुड्यांबरोबर आम्लाची वाफही बाहेर पडते, त्यामुळे हे काम उघड्या, वाऱ्याच्या जागीच करावे. त्या वाफेने जवळपासची पोलादी हत्यारे फार लवकर गंजतात.

रंग पाहून स्थिती ओळखता येते, पण भरलेली बरणी पाहून नाही, कारण जाड थरात चांगले द्रावणही काळपट दिसते. बारीक काचनळीत थोडे घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरावे. स्वच्छ हिरवा रंग म्हणजे द्रावण तयार. तपकिरी झाक म्हणजे क्युप्रस साठले आहे आणि हवा हवी. भरपूर पाण्यात एक थेंब टाकल्यावर पांढरट गढूळपणा आला, तरी निष्कर्ष तोच. आम्लाची पातळी मात्र रंगावरून कळत नाही. एचिंग चालू असताना बोर्डावर पांढरट साय धरू लागली, तर आम्ल कमी पडले असे समजावे आणि थोडे थोडे घालत जावे. एकदम जास्त आम्ल घातल्याने वेग वाढतो, परंतु टोनरच्या (राखायचे तांबे झाकणाऱ्या प्रिंटर-शाईच्या थराच्या) कडेखालून तांबे आडवे खाल्ले जाऊन बारीक ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या रेषा, आणखी बारीक होतात. मला वेगापेक्षा नीट कडा महत्त्वाच्या वाटतात, म्हणून मी आम्ल बेताचेच ठेवतो.

फेरिक क्लोराइडच्या तुलनेत मोठी सोय म्हणजे उथळ ट्रेमध्ये बोर्ड दिसत राहतो आणि तो नेमका केव्हा बाहेर काढावा हे कळते. शिवाय ते हट्टी तपकिरी डागही नाहीत. (सुती कपड्यांना मात्र आम्ल भोके पाडते, हे वेगळे.) सोल्डर लावलेला बोर्ड यात कधीही बुडवू नये, कथील आणि शिसे द्रावणात उतरले, तर पुन्हा वेगळे करणे घरी शक्य नसते.

गैरसोय एकच, पण मोठी: हे द्रावण संपत नाही, वाढत जाते. जास्तीचे द्रावण गटारात ओतता येत नाही, कारण तांबे जलचरांना विषारी असते, आणि धुण्याच्या सोड्याने आम्ल मारले, तरी तांबे नाहीसे होत नाही. ते साक्यात उतरते आणि तो साका घातक कचरा म्हणूनच द्यावा लागतो. ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तांबे बाहेर काढता येते. मात्र त्यात द्रावण चांगलेच तापते आणि हायड्रोजन सुटतो, म्हणून ते बंद भांड्यात मुळीच करू नये. साठवणीच्या प्लास्टिक बरणीचे झाकणही मी किंचित सैल ठेवतो, कारण उरलेल्या पेरॉक्साइडमधून वायू निघत राहतो. हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा प्रत्येक वेळी हवाच.

वर्षाकाठी दोन-चार बोर्ड करणाऱ्याने या फंदात पडू नये. त्याला फेरिक क्लोराइड किंवा सोडियम पर्सल्फेट पुरेसे आहे. नियमित बोर्ड करणाऱ्याने, आणि ज्याच्याकडे आम्लाची वाफ बाहेर जाईल अशी जागा आहे त्याने, हे द्रावण अवश्य करावे. फक्त पंप पहिल्या दिवशीच घ्यावा.