पेपर टेप: जोतिबाच्या वाटेला पास, पावनखिंडीला काठावर

सलाइनची सुई हातावर धरून ठेवायला दवाखान्यात लावतात, तीच ही पांढरी कागदी पट्टी. लांब चालताना पायाला फोड येऊ नयेत म्हणून ती लावायची. औषधाच्या दुकानात 'पेपर टेप' म्हटलं की देतात. एक इंच रुंदीची घ्या. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२८ धावपटूंनी सुमारे २५० किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतींत ती वापरली होती. पट्टीच्या जागी फोडांचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी भरलं.

कसब लावण्यात आहे. पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा. आधी तेल किंवा व्हॅसलिन चोळलं असेल तर पट्टी धरतच नाही. टाचेमागे, चवड्याखाली, अंगठ्याच्या कडेला एकच थर द्या. कोपरे कात्रीनं गोल कापा, नाहीतर मोज्याला अडकून उचकटतात. सुरकुती राहिली तर फोड तिथंच येणार. बोटाभोवती ताणून वेढा देऊ नका, चालून पाय सुजतो. चालताना एखादी जागा गरम लागली, चुरचुरली, की तिथंच थांबून लावा. 'पुढच्या चहाला बघू' म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. (नवं कोरं पायताण घालून जोतिबाला निघालेल्याला मात्र कुठलीच पट्टी वाचवत नाही.)

पावसात हिची परीक्षा होते. ओली कातडी मोज्याला घट्ट धरते, आत हाड सरकत राहतं, मधले थर सुटतात आणि तिथं पाणी भरतं. जुलैत पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे जाताना चिखल आणि ओढे चुकत नाहीत. त्यात पेपर टेप सुटून मोज्यात गोळा होते आणि खड्यासारखी टोचते. अशा वाटेला झिंक ऑक्साइडची कापडी पट्टी जास्त टिकते. पण ती फोडावर थेट लावू नका, काढताना सालच घेऊन येते. पेपर टेपचं मवाळ चिकटणं इथं कामाला येतं.

लहान फोड फोडू नये. मोठा आणि ठणकणारा असेल तर साबणानं धुऊन, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला दोन-तीन छिद्रं पाडा, पाणी हलकेच दाबून काढा, साल तशीच राहू द्या. फोडापुरतं व्हॅसलिन, न चिकटणारी गॉज, वरून पट्टी. मधुमेह असेल तर सुई लावूच नका. पू झाला किंवा लाली पसरत चालली तर डॉक्टर गाठा.

मुक्कामाला पट्ट्या काढून पाय वाळू द्या. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. भिजला की गेला.