एका सिनेटरच्या निमित्ताने: आयरिश संसदेच्या कार्यवृत्त सेवेचे परीक्षण

आयर्लंडच्या संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर मराठी वाचक पहिल्यांदा पोहोचतो तो बहुधा लिओ वराडकर यांच्या नावामुळे. वडिलांकडून मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले वराडकर जून २०१७ मध्ये त्या देशाचे पंतप्रधान, म्हणजे तिकडच्या भाषेत टीशक, झाले आणि आपल्याकडच्या अनेकांनी त्यांची भाषणे कुतूहलाने शोधली. पंतप्रधानांची भाषणे वाचून परत फिरणाऱ्याला मात्र सभागृहांतील चर्चांची नोंद ठेवणाऱ्या या सेवेची खरी किंमत कळत नाही, कारण ती भाषणे वर्तमानपत्रांतही सापडतात. वरिष्ठ सभागृहातील, म्हणजे सिनेटमधील, एखादा सदस्य निवडावा, एकच विषय धरावा आणि वर्षामागून वर्षे वाचत जावे, तेव्हा हे दफ्तर किती नेटके ठेवले आहे ते लक्षात येते. मी इव्हाना बॅचिक यांचे नाव आणि फौजदारी कायद्यांचा विषय निवडला. कालखंड २००७ ते जुलै २०२१, म्हणजे त्या सिनेटमध्ये होत्या तेवढाच.

ही निवड करण्यामागे कारण होते. बॅचिक डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १९९६ पासून फौजदारी कायदा, गुन्हेशास्त्र आणि दंडशास्त्र या विषयांच्या रीड प्राध्यापक होत्या. मेरी रॉबिन्सन आणि मेरी मॅकलिज या आयर्लंडच्या दोन्ही माजी राष्ट्राध्यक्षांनी पूर्वी हेच अध्यासन भूषवले होते. वर्गात जो विषय शिकवायचा त्याच विषयावरचे विधेयक सभागृहात कलमवार तपासायचे, अशी संधी फार थोड्या लोकप्रतिनिधींना मिळते. त्या निवडून आल्या तो मतदारसंघही आपल्याला ओळखीचा वाटावा असा आहे. साठ सदस्यांच्या सिनेटमध्ये तेव्हा सहा जागा विद्यापीठांच्या पदवीधरांनी भरायच्या असत आणि त्यांपैकी तीन डब्लिन विद्यापीठाच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील पदवीधर मतदारसंघ डोळ्यांसमोर आणले की ही रचना चटकन समजते. उरलेल्यांपैकी अकरा जणांना टीशक नेमतात. आपल्या राज्यसभेतील नामनियुक्त सदस्यांची कल्पना आयरिश राज्यघटनेवरूनच घेतलेली आहे, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. ती विनामूल्य आहे आणि वाचण्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही. प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र पान आहे. तेथून त्या सदस्याची भाषणे आणि मतदान यांच्याकडे जाता येते, तर प्रत्येक विधेयकाच्या पानावर त्याचे टप्पे, तारखा, मूळ मसुदा, सुचवलेल्या दुरुस्त्यांच्या याद्या आणि त्या त्या टप्प्यावरील चर्चा एकाखाली एक लावलेल्या असतात. सिनेटची कार्यवृत्ते १९२२ पासूनची आहेत. शोध घेताना सिनेटचा क्रमांक देता येतो, आणि बॅचिक यांच्यासाठी तेविसाव्यापासून सव्विसाव्यापर्यंतची चार सिनेट पाहावी लागतात. मतविभागणीची नोंद ‘टा’ आणि ‘नील’ अशा आयरिश शब्दांखाली असते. पहिला होकार, दुसरा नकार. सवय व्हायला एक संध्याकाळ पुरते.

या सेवेचा कस पाहायचा असेल तर जुलै २००९ पासून आरंभ करावा. संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांनी साक्षीदारांना आणि ज्यूरींना धमकावल्याच्या तक्रारी वाढल्या होत्या आणि सरकारने उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर फौजदारी न्याय दुरुस्ती विधेयक घाईने आणले. त्याच्या आठव्या कलमाने संघटित गुन्हेगारीचे ठरावीक खटले ज्यूरीविना चालणाऱ्या विशेष फौजदारी न्यायालयाकडे नेण्याची वाट मोकळी केली. शंभराहून अधिक वकिलांनी जाहीर पत्र लिहून या तरतुदींना आक्षेप घेतला. बॅचिक यांना तेव्हा सिनेटमध्ये येऊन केवळ दोन वर्षे झाली होती, त्या अपक्ष होत्या, आणि त्यांनी विधेयकाला विरोध केला. पुढे हे विधेयक स्वाक्षरीसाठी गेले ते तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मॅकलिज यांच्याकडे, म्हणजे त्याच अध्यासनावरील पूर्वसूरींकडे. त्यांनी घटनेनुसार राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणाऱ्या राज्य परिषदेची बैठक बोलावली, विधेयक सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचे की नाही याचा विचार केला आणि अखेर त्यावर सही केली. कार्यवृत्तात यातले फक्त सभागृहातील अर्धे असते. उरलेले अर्धे वाचकाने बाहेरून आणून जोडायचे असते. हा सेवेचा दोष म्हणता येणार नाही, पण जो केवळ कार्यवृत्तावर विसंबतो त्याला प्रसंग अपुरा कळतो, हे मात्र खरे.

त्या कायद्यातील आठवे कलम आपोआप चालू राहत नाही. ते चालू ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांना मुदतवाढीचा ठराव करावा लागतो, आणि हा ठराव दरवर्षी येतो. आपल्याकडे टाडा कायद्याला ठरावीक मुदतीनंतर संसदेकडून मुदतवाढ घ्यावी लागे आणि १९९५ मध्ये ती न मिळाल्याने तो संपला. महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का मात्र कायमचा कायदा आहे आणि विधिमंडळापुढे त्याच्या मुदतवाढीचा प्रश्नच येत नाही. आयरिश पद्धतीमुळे वाचकाच्या हाती फार चांगले साधन येते. विषय तोच, ठराव जवळजवळ त्याच शब्दांचा आणि वक्त्यांपैकी अनेक जणही तेच. बॅचिक पुढे ज्या मजूर पक्षात गेल्या तो २०११ ते २०१६ या काळात सत्तेत होता आणि त्या स्वतः सभागृहाच्या उपनेत्या होत्या. त्याआधीची, त्या काळातली आणि त्यानंतरची कार्यवृत्ते शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. नागरी स्वातंत्र्याविषयी विरोधी बाकांवरून बोलणे आणि सत्तेच्या बाकांवरून बोलणे यांत आवाजाची पट्टी कशी बदलते, हे पाहण्यासाठी याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही. सदस्यनिहाय गाळणी आणि ठरावाचे नाव एवढ्यावर ही सगळी वर्षे समोर येतात.

मात्र सदस्याचे मोल जोखायचे असेल तर दुसऱ्या टप्प्यावरील भाषणांत फार वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. दुसऱ्या टप्प्यावर विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, म्हणून तेथे प्रत्येक जण आपली भूमिका मांडतो, आणि बॅचिकही कधीकधी सभागृहाला वर्ग समजून बोलू लागतात. खरे काम समितीच्या टप्प्यावर होते. सिनेटमध्ये हा टप्पा सहसा संपूर्ण सभागृहच समिती म्हणून पार पाडते. तेथे एक एक कलम येते, दुरुस्ती मांडली जाते, मंत्री उत्तर देतात, सदस्य पुन्हा बोलतो, मंत्री पुन्हा उत्तर देतात. त्यानंतरच्या अहवाल टप्प्यावर ही मोकळीक राहत नाही. तेथे बिगरसरकारी दुरुस्तीला अनुमोदक लागतो, प्रत्येकाला एकदाच बोलता येते, आणि उत्तर देण्याचा अधिकार फक्त दुरुस्ती मांडणाऱ्याला असतो. समितीच्या टप्प्याच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येणारे एक कोरडे वाक्य आहे: ‘सभागृहाच्या संमतीने दुरुस्ती मागे घेण्यात आली.’ प्रथम वाचणाऱ्याला ही माघार वाटते. पुष्कळदा ती माघार नसते. मंत्र्यांनी पुढच्या टप्प्यापर्यंत विचार करण्याचे मान्य केलेले असते, आणि मग अहवाल टप्प्यावर तीच गोष्ट थोड्या वेगळ्या शब्दांत सरकारी दुरुस्ती म्हणून येते. अंतिम कायद्यात सिनेटरचे नाव कोठेही राहत नाही. ते राहते फक्त कार्यवृत्तात, म्हणून ही सेवा मला कायद्यांच्या संग्रहाइतकीच महत्त्वाची वाटते.

स्त्री जननांग विच्छेदनाविरुद्धचा कायदा हे याचे ठळक उदाहरण. बॅचिक यांनी २०१० मध्ये त्यासाठी खासगी विधेयक आणले. पुढे सरकारने स्वतःचे विधेयक तयार केले आणि २०१२ मध्ये कायदा झाला. हे कृत्य करणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, मुलीला त्यासाठी देशाबाहेर नेणे हाही गुन्हा आहे, आणि रूढी किंवा धार्मिक विधी ही सबब बचाव म्हणून चालत नाही. कायद्याची प्रत वाचली तर खासगी विधेयकाचा मागमूस लागत नाही. संकेतस्थळावर मात्र दोन्ही विधेयकांची पाने शाबूत आहेत आणि ती जोडून वाचता येतात. मुंबईतील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. बोहरा समाजातील खतना प्रथेविरुद्धची याचिका २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात आली, २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे सोपवण्यात आली, आणि भारतात यासाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही. कायदा झालाच तर मसुदा कसा असावा, यावर वाद घालणाऱ्यांना आयरिश सिनेटमधील ती चर्चा आयती तयारी करून देईल.

लैंगिक गुन्ह्यांविषयीचा २०१७ चा कायदा सिनेटमध्ये २०१५ मध्ये दाखल झाला होता. त्याने शरीरविक्रय करणाऱ्याऐवजी विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले आणि संमतीची व्याख्या कायद्यात आणली. एवढे सांगून मी पुढे जातो, कारण ही चर्चा बरीच गाजली आहे आणि तिच्यावर अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे.

दोषसिद्धी कालबाह्य ठरवण्याच्या कायद्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. लहान गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेल्या माणसाला सात वर्षांनंतर ती नोकरीच्या अर्जात सांगावी लागू नये, असा त्याचा गाभा. विधेयक २०१२ चे, कायदा २०१६ चा. सवलत बहुतांशी एकाच दोषसिद्धीला, आणि कारावास बारा महिन्यांहून अधिक असेल तर मुळीच नाही. येथे बॅचिक यांच्या शेजारी दुसऱ्या एका सिनेटरचे पान उघडावे, असे मी सुचवेन. लिन रुएन २०१६ मध्ये त्याच विद्यापीठ मतदारसंघातून निवडून आल्या. त्या डब्लिनच्या टॅला भागात वाढल्या आणि व्यसनग्रस्तांसोबत काम करत राजकारणात आल्या. त्यांनी २०१८ मध्ये हाच कायदा रुंदावणारे विधेयक आणले. बॅचिक कलमाच्या रचनेपासून बोलायला सुरुवात करतात आणि रुएन त्या कलमामुळे काम न मिळालेल्या माणसापासून. एकाच विषयावरची दोघींची भाषणे सलग वाचली की बॅचिक यांच्या पद्धतीचे बळ कळते आणि तिची मर्यादाही कळते. त्यांचा युक्तिवाद क्वचितच सैल सुटतो, पण ज्याच्यासाठी कायदा करायचा तो माणूस अनेकदा परिच्छेदाच्या शेवटी येतो.

सेवेविषयी दोन सूचना कराव्याशा वाटतात. सभागृहातील भाषणांवरच थांबू नये. तुरुंग सुधारणांवरील संयुक्त समितीच्या उपसमितीत बॅचिक यांचा सहभाग होता, आणि समितीच्या मार्च २०१३ च्या अहवालाने दहा वर्षांत कैद्यांची संख्या एकतृतीयांशाने कमी करण्याची शिफारस केली. समित्यांच्या बैठकांची नोंद याच संकेतस्थळावर स्वतंत्र विभागात आहे आणि केवळ सिनेटची गाळणी लावणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते. दुसरे असे की मंजूर झालेल्या कायद्याचा पाठ वाचण्यासाठी आयरिश कायद्यांच्या वेगळ्या अधिकृत संकेतस्थळावर जावे लागते, त्यामुळे दोन्ही खिडक्या शेजारी उघड्या ठेवणे बरे. बॅचिक जुलै २०२१ च्या पोटनिवडणुकीत कनिष्ठ सभागृहात गेल्या आणि मार्च २०२२ मध्ये पक्षाच्या नेत्या झाल्या. त्यानंतरची त्यांची भाषणे पक्षनेत्याची आहेत. ती संख्येने अधिक आणि विषयांनी विखुरलेली आहेत, म्हणून सिनेटर बॅचिक वाचायच्या असतील तर अखेरची तारीख जुलै २०२१ ठेवावी.