407 ला बसवलेलं जुनं 497 इंजिन: आठ महिने, 19 हजार किलोमीटर आणि स्लोवरची थरथर

माझी टाटा 407 ही मालवाहू गाडी जुनी आहे. पुरंदर भागातून अंजीर, सीताफळ, वाटाणा भरायचा आणि दिवे घाट उतरून रातोरात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा, हे तिचं काम. मूळ इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं. ब्लॉक आधीच एकदा बोअर झालेला (सिलिंडर आतून कातून मोठे केलेले), म्हणून दसऱ्यानंतर दुसऱ्या गाडीतून उतरवलेलं फुल इंजिन घेतलं. तेच 497, म्हणजे चार सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), 2956 सीसी. उतरवण-चढवण, क्लच प्लेट, ऑइल सगळं धरून 1 लाख 20 हजार गेले.

ओढीला इंजिन पहिल्या दिवसापासून चांगलं. परतीला खताचं भाडं मिळालं की दिवे घाट भरल्या गाडीने चढावा लागतो. तिथे ना काळा धूर, ना टेंपरेचरचा काटा वर. दुखणं होतं ते फक्त स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना. हडपसरच्या सिग्नलला उभं राहिलं की केबिन, आरसे, गिअरचा दांडा सगळं थरथरायचं. रेस केली की गप्प. वर सकाळी सेल्फ दोन-तीनदा मारावा लागे आणि स्लो आपोआप वर-खाली होत राही.

मेस्त्रींनी आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून प्रेशरला तपासून घेतले. चारही बरोबर निघाले. मग ते म्हणाले, "दादा, नोझलना डिझेल देणारा मेन पंप खोलावा लागेल." पंपाचं कॅलिब्रेशन म्हणजे आणखी मोठा खर्च, आणि हाच पंप घाटात गाडी इतकी सुरेख ओढत होता. मी म्हटलं, "मेस्त्री, थोडं थांबू. इंजिन बसवताना आपण काय काय सोडलं आणि परत जोडलं, तेवढंच आधी बघू."

पहिली तपासणी सिलिंडरची. इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि इंजिन अडखळतं. ज्याचा नट सोडून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता असं समजायचं. (नटावर जाड फडकं टाका आणि हात लांब ठेवा. त्या पाइपातलं प्रेशर इतकं असतं की डिझेलची धार कातडीत घुसते.) आमच्याकडे चारही सिलिंडरला इंजिन सारखंच अडखळलं. म्हणजे मिसिंग नव्हतं. नोझल, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन यांच्यावरचा संशय इथेच बराच कमी झाला.

यानंतर मला एक गोष्ट उमगली, आणि तिनेच वाट दाखवली. दुखणी दोन होती आणि आम्ही ती एकच समजत होतो. स्लो वर-खाली होणं वेगळं आणि स्लो स्थिर असताना गाडी हादरणं वेगळं.

वर-खाली होणं म्हणजे बहुतेक वेळा डिझेलमध्ये एअर. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप लावला, तर त्यातून बुडबुडे जाताना दिसले. टाकी ते फीड पंप ही बाजू ओढीची. तिथे केसाएवढी फट असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठाक दिसत होतं. खात्रीसाठी डिझेलचा कॅन ठेवून नवीन पाइपने थेट फीड पंपाला जोडला. एअर काढली, गाडी चालू केली आणि दहा मिनिटांत स्लो एका जागी आला. मेन पंप निर्दोष ठरला तो तिथे. दोष निघाला चासीवरच्या लाइनपासून इंजिनाकडे येणाऱ्या रबरी पाइपात. जुनाच पाइप ओढून काढून परत चढवला होता आणि क्लिपखाली तो कडक होऊन चिरला होता. नाना पेठेतून नवा पाइप, क्लिपा आणि तांब्याचे वायसर आणले. पाचशेच्या आत काम झालं. सकाळी सेल्फ एकदाच मारावा लागू लागला.

थरथर मात्र राहिली. तिचं कारण फाउंडेशन, म्हणजे इंजिन चासीवर ज्या रबरांवर बसतं ती. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन फायरिंग होतात, म्हणजे 700 आरपीएमला सेकंदाला साधारण 23 ठोके. ते ठोके रबराने गिळायचे असतात. आमची रबरं जुन्या इंजिनाचीच ठेवलेली, एका बाजूचं तर दबून लोखंडाला लोखंड टेकलेलं. सगळी रबरं नवी टाकली. बोल्ट आधी ढिले ठेवले, इंजिन थोडा वेळ स्लोवर चालवून आपल्या जागी बसू दिलं आणि मग आवळले. सायलेन्सरचा पाइपही चासीला घासत होता, तो क्लॅम्प सोडून सरळ केला. आरसा स्थिर झाला तेव्हा मी खाली उतरून दोनदा बघितलं, खरंच चालू आहे ना म्हणून.

आता आठ महिन्यांनंतरचा हिशोब. भरल्या गाडीला लिटरला साडेआठ किलोमीटर पडायचं ते आता दहाच्या आसपास पडतं. ऑइल 10 हजार किलोमीटरला अर्धा लिटरही टाकावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मिनिटभर पांढरा धूर द्यायची, गरम झाली की बंद. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) एकदा सेट केले. हे इंजिन घेतल्याचं मला समाधान आहे.

घेणार असाल तर इंजिन उतरवण्याआधी थंड असतानाच चालू करून ऐका आणि ऑइलचं झाकण काढून बॅक मारतंय का, म्हणजे तिथून धूर-हवा जोरात बाहेर येतेय का, बघा. डिझेलचा रबरी पाइप, वायसर आणि फाउंडेशन यांचे पैसे पहिल्याच बिलात धरा. इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे विक्रीची पावती नंबरासकट घ्या आणि 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून तो आरसीवर चढवून घ्या. मी संगम पुलाजवळच्या कार्यालयात ते काम केलं. पावतीवर इंजिन नंबरातला एक आकडा चुकला होता, तेवढ्यासाठी विकणाऱ्याकडे परत जावं लागलं.