बीमला पहिला तडा केव्हा? सळया धरून आणि सळया सोडून

बीमच्या तळाचा ताण काँक्रीटच्या नमन-ताणशक्तीइतका (वाकताना ते सोसू शकते त्या कमाल ताणाइतका) झाला की पहिला तडा जातो. त्या क्षणाचा मोमेंट (भाराचा बीमला वाकवणारा परिणाम) काढताना सळया हिशेबात धरायच्या की नाहीत, एवढाच प्रश्न आहे. काँक्रीट बांधकामाची भारतीय मानक संहिता आयएस ४५६:२००० सळया सोडून फक्त काँक्रीटचा पूर्ण छेद (आडवा काप) घेते. दुसऱ्या पद्धतीत पोलादाचे मॉड्युलर गुणोत्तराने (पोलाद काँक्रीटच्या किती पट ताठ आहे त्या आकड्याने) काँक्रीटमध्ये रूपांतर करतात.

२३० × ४५० मिमीचा, एम२० (दाबशक्ती २० न्यूटन प्रति चौ. मिमी) काँक्रीटचा, खाली १६ मिमीच्या ३ सळया असलेला बीम घेऊ; प्रभावी खोली (वरच्या कडेपासून सळयांच्या मध्यापर्यंत) ४१० मिमी. ताणशक्ती ०.७√२० म्हणजे ३.१३ न्यूटन प्रति चौ. मिमी. पहिल्या पद्धतीने मोमेंट २४.३ किलोन्यूटन-मीटर येतो. दुसरीत गुणोत्तर सुमारे ८.९ धरल्यास उदासीन अक्ष (जिथे ना ताण ना दाब अशी रेषा) ८ मिमी खाली सरकतो आणि उत्तर २७.५ येते, म्हणजे १३ टक्के जास्त.

कागदावर दुसरी पद्धत अधिक अचूक खरी, पण काँक्रीट आकसताना त्याच सळया त्याला अडवतात आणि भार येण्यापूर्वीच तळाशी ताण निर्माण होतो, हे ती सांगत नाही. शिवाय फुगलेला मोमेंट विक्षेपाच्या (बीम किती खाली झुकतो याच्या) गणितात गेला की बीम प्रत्यक्षापेक्षा ताठ दिसतो. त्यामुळे नेहमीच्या इमारतीसाठी मी पहिलीच पद्धत घेईन. साध्या आधारांवरील ४ मीटर गाळ्यात हे मोमेंट समान पसरलेल्या भारात मांडले तर प्रतिमीटर १२.२ आणि १३.७ किलोन्यूटन होतात. वर ९ इंची, ३ मीटर उंच विटांची भिंत आली, तर स्ववजनासह दोन्ही ओलांडले जातात.